न बघितलेली ठिणगी

फौजेतून उतरलो तेव्हा माझा हुद्दा हवालदार होता आणि ट्रेड आर्मरर. आर्मरर म्हणजे पलटणीच्या हत्यारांचा वैद्य. सतरा वर्षं तेच केलं. माझं गाव उमरी तालुक्यात. घरी आल्यावर वर्षभर शेतात हिंडलो, स्वयंपाकघरात डबे आकारमानानुसार लावले, आणि एक दिवस बायको म्हणाली, "कुठं तरी ड्युटी बघा, नसता मीच माहेरी जाते."

लातूरकडच्या एका ठाण्यात माजी सैनिक प्रशिक्षक पाहिजे होता, कंत्राटी. ठाण्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सोमवारी सकाळी आठला हजर व्हायचं होतं. मी ०७.४० ला फाटकावर उभा होतो. माझ्या हवाली जे हत्यार केलं ते मी जन्मात हाताळलं नव्हतं. शॉक देणारं पिस्तूल. घोडा दाबला की पुढच्या काडतुसातून दोन बारीक तारा सुटतात. तारांच्या टोकाचे आकडे अंगात रुततात आणि पाच सेकंद माणसाचे हातपाय त्याचं ऐकत नाहीत. माणूस पडतो. मरत नाही, निदान मरू नये. ठाण्यात सगळे त्याला करंटचं पिस्तूल म्हणायचे, मीही म्हणू लागलो.

आधी मीच आठ दिवस शिकलो. मग शिकवायला उभा राहिलो. छातीवर नेम धरायचा नाही, पाठ मिळाली तर उत्तम. माणूस उंचावर असेल, पाण्यात असेल, जवळ पेट्रोल सांडलं असेल तर हात लावायचा नाही. पाच सेकंदांत साथीदाराने बेड्या घालायच्या, नंतर डॉक्टर. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, रोज सकाळी ठिणगी बघायची. काडतूस काढायचं, पिस्तूल मोकळ्या दिशेला धरायचं, घोडा दाबायचा. तोंडाशी निळी ठिणगी टरटर वाजली पाहिजे. पाच सेकंदांचं काम. ती दिसली तरच पिस्तूल बाहेर जाईल.

एक गोष्ट मी दिवसातून दहादा सांगायचो. या हत्याराला तेल नाही. रायफलीला तेल म्हणजे जेवण, याला तेल म्हणजे विष. तेलाला धूळ चिकटते आणि विजेला भलतीच वाट मिळते. जुन्या फौजींना हे पचत नाही. हत्यार हातात आलं की आमचा दुसरा हात आपोआप तेलाची बाटली शोधतो.

ठाण्याच्या शस्त्रागाराचा इनचार्ज होता शिवलिंगआप्पा. त्याला पाहून मी दारातच थांबलो. चाकूरचा आप्पा, माझ्याच पलटणीतला. माझ्याआधी पाच वर्षं उतरून माजी सैनिकांच्या कोट्यातून पोलिसांत लागला होता. बर्फातल्या एका चौकीवर माझा पाय सुजून बुटात अडकला तेव्हा याच माणसाने माझी रायफल, पाठीवरचा पिट्टू आणि शेवटी मला स्वतःला चार तास ओढत खाली आणलं होतं. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. बोलायची गरजच नव्हती.

"मारोती, तू?" एवढंच तो म्हणाला आणि चहा मागवला.

माझा एक नियम होता. ज्याला पिस्तूल चालवायचं त्याने आधी स्वतः करंट खायचा. म्हणजे आपण समोरच्याला काय देतो ते कळतं. गादी अंथरायची, दोघांनी दंड धरायचे, पाच सेकंद. सीनियर म्हणून आप्पा पहिला पुढे आला. पडला. ओरडला. डोळ्यांतून पाणी आलं. सगळे हसले, आप्पाही हसला, पण सगळ्यांच्या नंतर. मी पाहिलं आणि सोडून दिलं.

दुसरा आला बालाजी. पोलीस शिपाई, लोहा तालुक्यातला, वय एकतीस. घरी बायको आणि तीन वर्षांची मुलगी. बालाजी हुशार होता असं म्हणणार नाही, पण नियमाचा पक्का होता. शिकवलेलं तो वहीत लिहायचा आणि तसंच करायचा. करंट खाऊन उठला, पॅन्ट झटकली आणि म्हणाला, "उस्ताद, हे कुणावर दुसऱ्यांदा चालवायची येळ येऊ नये." मला असे शिपाई आवडतात.

खंडेनवमीला ठाण्यात शस्त्रपूजा झाली. मी ०९.३० ला पोहोचलो तर लाल कापडावर रायफली, पिस्तुलं, लाठ्या ओळीने मांडलेल्या, आणि शेवटी करंटचं पिस्तूल. त्याच्या तोंडावर ओल्या हळदीकुंकवाची पाच बोटं. एक ओघळ आत गेलेला.

"आप्पा, हे काय केलं?"

"हत्यार हाय. पूजेबिगर कसं ठिवावं?"

"फूल वाहायचं होतं. ओलं गंध नको होतं याला. काडतूस काढ, कोरड्या फडक्याने आतून पूस. तेल लावू नको. मग ठिणगी बघ."

"हाव."

"आप्पा, ठिणगी."

"हाव म्हणलो की, मारोती. का आता लिहून देऊ?"

फौजेत हत्यार देणारा ते उघडून दाखवतो आणि घेणारा स्वतः बघून घेतो. सख्खा भाऊ असला तरी. सतरा वर्षं मी कोणाच्या शब्दावर साधं मॅगझीनसुद्धा घेतलं नव्हतं. पण ज्याने मला चार तास ओढलं त्याला "दाखव" म्हणायला जीभ रेटली नाही. प्रसाद घेतला आणि वर्गावर गेलो.

पुढचा प्रसंग दसऱ्यानंतर सहाव्या दिवशीचा. ११.०५ वाजता ठाण्यात फोन आला. चाकूरच्या अलीकडच्या एका गावात एक तरुण कोयता घेऊन स्वतःच्याच अंगणात उभा होता. डोक्याचा इलाज चालू होता, गोळ्या त्याने सोडल्या होत्या. चुलत्याच्या हातावर वार करून झाला होता. आईने दारातून हलायला नकार दिला होता. करंटचं पिस्तूल पहिल्यांदाच खऱ्या कामाला निघणार होतं, म्हणून पीआय साहेबांनी मलाही जीपमध्ये घेतलं. पिस्तूल आप्पाने बरोबर आणलं.

११.४० ला पोहोचलो. गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली. अंगण तिथून चाळीस पावलांवर. पीआय साहेब चार माणसं घेऊन पुढे गेले. जीपमागे आम्ही तिघेच राहिलो. आप्पा, बालाजी आणि मी.

वॉकीटॉकीवर साहेबांचा आवाज आला. "आई मध्ये आहे. फायर नाही. रिपीट, फायर नाही. करंट पाठवा."

"करंट येतोय सर," आप्पाने उत्तर दिलं.

आप्पाने पिस्तूल बालाजीच्या हातात दिलं. बालाजीने बॅटरीची टक्केवारी बघितली, भरलेली होती. काडतुसावरची तारीख बघितली. मग म्हणाला, "आप्पा, ठिणगी बघू का? पाच सेकंद लागतेत."

"सकाळीच बगितली की बाबा. तिकडं म्हातारी मरायलीय. जा."

बालाजीने माझ्याकडे पाहिलं. आप्पाकडे नाही, माझ्याकडे. आणि मी मान हलवली. जा म्हणून.

तो गेला. चालत गेला, पळाला नाही, शिकवलं होतं तसं. आई उजवीकडे सरकली तेव्हा तो सहा पावलांवर होता. पोराची अर्धी पाठ त्याच्याकडे होती. बालाजीने मोठ्याने इशारा दिला, "करंट, करंट." साथीदार बेड्या घेऊन तयार. त्याने घोडा दाबला.

काहीच झालं नाही. तारा सुटल्या नाहीत. जीपमागे मला ती टरटर ऐकू यायला हवी होती, ती आली नाही. बालाजीचा इशारा ऐकून पोरगा वळला. बालाजीने पुन्हा दाबलं. कोयता मानेच्या डाव्या बाजूला लागला.

बाकीच्यांनी लाठ्यांनी पोराला पाडलं. तो जिवंत आहे, इलाज चालू आहे, त्याला त्या दिवसाचं काही आठवत नाही. त्याच्यावर माझा राग नाही. बालाजीला आम्ही जीपमध्ये घेतलं. जखमेवर माझा हात होता. लातूर येण्याआधीच माझ्या हाताखालची नाडी थांबली. तेव्हा १२.३१ झाले होते. आप्पा पुढच्या सीटवर बसला होता. त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

चौकशी लागली. पिस्तूल बनवणाऱ्यांचा तंत्रज्ञ आला आणि त्याने आमच्यासमोर काडतूस काढलं. आतल्या पट्ट्यांवर लालसर चिकट थर होता. कुंकू आणि रायफलीचं तेल. आप्पाने गंध पुसलं होतं, पण हात सवयीने तेलाच्या बाटलीकडेच गेला होता. वीज काडतुसात जायच्या ऐवजी त्या थरातूनच फिरली होती. या पिस्तुलाच्या पोटात एक घड्याळही असतं. घोडा कधी दाबला ते सगळं त्यात राहतं. खंडेनवमीच्या आदल्या सकाळनंतर घोडा एकदाही दाबलेला नव्हता. मग एकदम ११.५२, दोनदा, दोन सेकंदांच्या अंतराने. रजिस्टरवर मात्र रोजची सही होती. ठिणगी ठीक, सही आप्पाची.

इथपर्यंत मला वाईट वाटलं, पण फसवलं गेल्यासारखं वाटलं नाही. चूक माणसाकडून होते. मग आप्पाचा जबाब झाला. त्याने लिहून दिलं की सणाच्या गडबडीत सकाळची चाचणी राहून गेली, परंतु प्रसंगी आपण शिपाई बालाजी यास ठिणगी पाहण्यास स्पष्ट सांगितले होते, त्याने घाई केली.

मी त्याच संध्याकाळी चाकूरला त्याच्या घरी गेलो. तो ओसरीवर बसला होता. वहिनींनी पाणी आणलं आणि आमची तोंडं पाहून आत गेल्या.

"आप्पा, त्याने विचारलं होतं."

"हाव."

"तू नको म्हणालास."

"हाव."

"मग रोजच्या सह्या कशाच्या केल्यास? पाच सेकंदांचं काम."

तो म्हणाला, "तू मला गादीवर पाडलास ना त्या दिवसापासून त्यो आवाज मला सोसत न्हाई. टरटर वाजलं की दात वाजतेत माझे. आधी कानात कापूस घालून करायचो. मग त्ये बी होईना. शिपायांसमोर कसं सांगू? फौजी माणूस मी."

"मला सांगायचं होतंस."

"तुला तर न्हाईच न्हाई."

मी म्हणालो, जबाब बदल. भीती वाटली म्हणून लिही, चूक झाली म्हणून लिही. मी तुझ्या बाजूला उभा राहतो.

आप्पाने मान खाली घातली आणि म्हणाला, "मेलेला माणूस सस्पेंड होत न्हाई, मारोती. माझी नोकरीची पाच वर्षं राहिलीत. तू तिथं होतास, तुला ठाव हाय. तू फकस्त बोलू नको. तुझ्याकडं आजवर मी काय मागितलं?"

खरंच काही मागितलं नव्हतं. तो चार तासांचा बर्फ त्याने इतकी वर्षं जपून ठेवला होता आणि आज माझ्यापुढे मांडला. या माणसासाठी मी मेलो असतो. पण तो दुसऱ्याच्या मरणावर माझं तोंड बंद करायला निघाला होता. मला त्याची किळस आली. ती आजही गेलेली नाही आणि जावी असं मला वाटतही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी १०.०० वाजता मी चौकशी अधिकाऱ्यांसमोर जबाब दिला. बालाजीने विचारलं होतं. आप्पाने अडवलं होतं. आणि मी मान हलवली होती. हे तिसरं वाक्य कोणी विचारलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी पेन थांबवून विचारलं, "हे लिहू? तुमच्यावर येईल." मी म्हणालो, लिहा.

माझं कंत्राट पुढे वाढलं नाही. आप्पाची त्या ठाण्यातून बदली झाली, तो नोकरीत आहे. अहवाल आला त्यात एक ओळ होती: वापरकर्त्याने वापरापूर्वी चाचणी केली नाही. ओळीतला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणूनच ती खोडता येत नाही. माझा जबाब शेवटी परिशिष्टात लावला आहे, तिथवर कोणी पोहोचत नाही.

ती ओळ बालाजीच्या गावी पोहोचली होती. मी लोह्याहून टमटमने गेलो तेव्हा त्याची बायको सुनीता कापूस वेचून नुकतीच आली होती. तिने चहाचं विचारलं, मी नको म्हणालो. उंबऱ्याबाहेरच बसलो आणि सगळं सांगितलं, वेळेसकट. मी मान हलवली तेही सांगितलं. ती माझ्या अंगावर धावून येईल असं वाटलं होतं. आली असती तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "सगळे म्हणतेत, त्यायनं घाई केली. माझा सासरा म्हणतो, पोरगं पहिल्यापासून उतावळं. मी म्हणते, भाकरीचा पहिला घास घ्यायच्या आधी हात दोनदा धुणारा माणूस, त्यो घाई कशी करंल? पर मला कोण इच्यारतंय."

"त्याने घाई केली नाही, ताई. त्याने विचारलं होतं."

"तुमाला?"

"आप्पाला विचारलं. मग माझ्याकडे बघितलं."

तिने दारापाशी जमलेल्या शेजाऱ्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुमाला मी माफ करणार न्हाई, भाऊ. पर एक काम करा. आत सासरा बसलाय. त्याला आन् दारापाशी जमलेल्या लोकायला हेच मोठ्यानं सांगा. लेकीच्या कानावर जाऊ द्या."

मी उभा राहिलो. सावधानमध्ये उभा राहिलो, दुसरं मला जमत नाही. आणि मोठ्याने सांगितलं.

पोलीस शिपाई बालाजी, तालुका लोहा. त्याने घाई केली नाही. त्याने विचारलं होतं.