सूर्यभान पेटीवाल्याचे पत्रे

भिंगारच्या बाजारात पत्र्याच्या पेट्या करणारे तीन-चार जण होते, पण पेटीत थेंब शिरणार नाही अशी शपथ घेऊन विकणारा एकटा सूर्यभानच. लष्करातल्या कुणाची बदली निघाली की तो माणूस आधी सूर्यभानाच्या दारात यायचा. सूर्यभान बंद पेटीवर तांब्याभर पाणी ओतायचा आणि झाकण उघडून गिऱ्हाइकाला आत हात फिरवायला लावायचा. "बघा साहेब. कोरडी ठणठणीत!" पावसाळ्यात हे चालू असताना वरून एखादा थेंब साहेबांच्या टोपीवर पडायचा. तेवढं साहेबांनी समजून घ्यायचं.

कारखाना म्हणजे रस्त्याकडेची एक लांबट खोली. तिच्यामागं भिंत, भिंतीमागं राहायची खोली आणि दोन्हींवर मिळून पन्हाळी पत्र्याचं एकच छप्पर. ते कुठं कुठं गळतं हे सांगण्यापेक्षा कुठं गळत नाही हे सांगणं सोपं होतं. सूर्यभानाची बायको मालनबाई ते चटकन सांगायची, "चुलीवर तेवढं गळत न्हाई. तिथं पानी लागतं ना, म्हनून."

छपराकडं सूर्यभानाचं लक्ष नव्हतं असं मात्र कुणी म्हणू नये. दर पावसाळ्यात तो शिडी लावून वर चढायचा आणि जिथं गळतं तिथं एखाद्या नापास पेटीचं झाकण ठोकून यायचा. काळ्या रंगाची झाकणं, त्यांच्यावर पांढऱ्या अक्षरांत कुणाकुणाची नावं. पलीकडच्या माडीवरून पाहिलं तर पलटणच्या पलटण छपरावर पालथी झोपलीय असं वाटायचं. आणि प्रत्येक झाकणागणिक गळती वाढायची.

याचं कारण साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. सूर्यभान खिळा मारायचा तो पत्र्याच्या खोलगट भागात. पेटीच्या धंद्यात पत्रा लाकडाला सपाट टेकला तरच खिळा घट्ट बसतो. तीच सवय तो छपरावर घेऊन जायचा. मालनबाई सोनईची, शेतकऱ्याची लेक. पन्हाळी पत्रा तिला नांगरलेल्या रानासारखा दिसायचा. ती खालून ओरडायची, "अहो, सरीत कशाला खिळा मारताय? पानी सरीतूनच व्हातं ना! वरंब्यावर मारा!"

सूर्यभान वरून खिळे तोंडात धरून उत्तर द्यायचा, "तू ऊस लाव. पत्र्यातलं मला शिकवू नको."

मग सरीतून पाणी यायचं, खिळ्यापाशी थांबायचं, भोक बघायचं आणि सूर्यभानाच्या घरी पाहुण्यासारखं उतरायचं.

लढाईच्या साली पेट्यांचा धंदा जोरात चालला आणि मालनबाईनं नवऱ्याच्या मागं लागून नवेकोरे पत्रे आणवले. ते मागच्या भिंतीला टेकवून ठेवले. तेव्हा काम फार म्हणून छपराला हात लागला नाही. उन्हाळ्यात पत्रा तापतो म्हणून लागला नाही. पुढच्या साली तर पाऊसच पडला नाही आणि सूर्यभान एकदम ज्ञानी झाला. जिल्हाभर लोक दुष्काळी कामांवर खडी फोडत होते, बायका टँकरपुढं हंड्यांच्या रांगा लावत होत्या आणि हा कारखान्यात बसून म्हणत होता, "मालन, या वर्साला गळालंय का आपलं छप्पर? न्हाई ना? मग? दोष पत्र्याचा नव्हता, पावसाचा हुता."

नवे पत्रे मागं उभेच राहिले. त्यांच्या आडोशाला कोंबड्या अंडी घालू लागल्या. त्या भिंगारमधल्या सगळ्यांत कोरड्या कोंबड्या असाव्यात.

त्र्याहत्तरच्या श्रावणात एकुलती एक लेक चांगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि मालनबाईचं हसणं बंद झालं. आजवर गळत होतं ते भांड्यांत आणि मोठ्या माणसांच्या डोक्यावर. आता खाली तान्हं बाळ निजणार होतं. नगरकडचा खरा पाऊस उत्तरा-हस्ताचा. पूर्वेकडून येतो तो गडगडत, झोडपत येतो. चांगुणाचे दिवसही नेमके तेव्हाच भरत होते. मालनबाईनं खोलीत बाज चारी कोपऱ्यांत सरकवून पाहिली. प्रत्येक कोपऱ्यावर एकेक झाकण होतं.

"आता तरी बदला पत्रे," ती म्हणाली.

सूर्यभानानं हातोडा खाली ठेवला आणि कधी नव्हे तो देवभोळा चेहरा केला. "आता कसं? घरात पोटुशी पोर हाय. अशा वेळी घराचं छप्पर उघडू नये, खिळा ठोकू नये. आपल्यात चालत न्हाई."

या माणसानं जन्मात एकादशी धरली नव्हती. शनिवारी दाढी करायचा, अमावस्येला प्रवासाला निघायचा. आणि खिळा ठोकू नये म्हणणारा हाच दिवसभर चांगुणाच्या उशाशी, भिंतीपलीकडं, ठाण ठाण पत्रे बडवत होता.

"ह्यो ठोकताय तो खिळा न्हाई का?" मालनबाईनं विचारलं.

"ह्यो धंद्याचा खिळा. त्यो घराचा. शास्त्रात फरक हाय."

"कंच्या शास्त्रात?"

"असंल कुठल्या तरी."

समोरच्या सायकल दुकानातला बन्सी हे ऐकत होता. तो म्हणाला, "वहिनी, दादा बरोबर बोलतोय. माझ्या आजीनं सांगितलंय." बन्सीच्या आजीनं पुष्कळ काही सांगून ठेवलं होतं. पत्रे उचलू लागायला आपल्यालाच यावं लागणार हे बन्सीला कळलं, तेव्हापासून त्याला आजी फार आठवायची.

उत्तरा नक्षत्र लागलं. मालनबाई रोज पूर्वेकडं बघायची. ढग आला की ती खोलीभर भांडी मांडायची, पांगला की उचलून ठेवायची. साऱ्या गल्लीतल्या बायका पाण्यासाठी देव पाण्यात घालून बसल्या होत्या आणि ही एकटी देवाला म्हणायची, थांब बाबा जरा, दुष्काळात थांबलासच ना, आणखी थोडा थांब. मग स्वतःलाच लाज वाटून तोंडात मारून घ्यायची.

पितृपंधरवडा आला तशी सूर्यभानाची भक्ती आणखी वाढली. "पितरांच्या दिवसांत नवं काम काढत न्हाईत. घट बसू दे."

"आन घट बसल्यावर?"

"घट बसल्यावर देवीच्या डोक्यावरचं छप्पर कसं काढायचं? दसरा होऊ दे."

दसऱ्यापर्यंत चांगुणा बाळंत होणार होती. मालनबाई उठून भाकऱ्या थापायला गेली. सूर्यभानाला वाटलं, पटलं बाईला. लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्याला एवढं कळत नव्हतं की ही बोलते तोवर भिण्याचं कारण नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चांगुणाचं लुगडं-पातळ एका बोचक्यात बांधलं, लेकीचा हात धरला आणि गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मार्थाबाईंच्या घरी गेली. मार्थाबाई दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. भिंगारमधली निम्मी पोरं त्यांच्या हातांवर जन्मली होती आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांनी सुया टोचल्या होत्या. कौलारू घर, एकट्याच राहायच्या.

"सिस्टर, छप्पर हुईस्तवर पोरीला ठिवून घ्या. पोटुशी घरात असली की आमच्यात खिळा ठोकत न्हाईत म्हनं."

मार्थाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "सूर्यभान म्हणतो हे? तो केव्हापासून धर्माला लागला?"

"पत्रे आनल्यापासनं."

"ठेव पोरीला. माझ्या घरात ठोकण्यासारखं काही नाही. ठोकावं असं वाटतं ते तुझ्या घरात आहे."

मालनबाई परत आली. सूर्यभान चहाची बशी तोंडाला लावून बसला होता. ती त्याच्याकडं न बघता मागं गेली, शिडी उचलून भिंतीला लावली, कासोटा घट्ट खोवला, पहार घेतली आणि वर चढली. बाजाराचा दिवस, रस्ता भरलेला. पेटीवाल्याची बायको छपरावर! पहिलं झाकण कर्रकन उचकटून तिनं खाली फेकलं, ते सूर्यभानापुढं येऊन पडलं. एका नापास हवालदाराचं नाव त्याच्याकडं टकाटका बघत राहिलं.

"अगं ए! पितरं हायत! उतर खाली!"

"पितरं कावळा हूनच येत्यात ना? मग पत्र्यावरच बसायची. गंजक्या झाकनावर बसून पाय कापलं त्यांचं एवढी वर्सं. बसू द्या की आता नव्यावर!"

रस्त्यावरची माणसं हसली. बन्सीसुद्धा हसला, आणि हसला म्हणून अडकला. लोकांनी त्यालाच पत्रे उचलायला पुढं ढकललं. छप्पर एकदा उघडलं की ते झाकावंच लागतं, हे शास्त्र सूर्यभानालाही ठाऊक होतं. बशी खाली ठेवून तो शिडी चढला, तेव्हाच मालनबाई खाली उतरली.

जुने पत्रे भराभर निघाले. एकच झाकण त्यानं फेकलं नाही. हातानं पुसून बन्सीकडं दिलं, "नीट ठिव." त्यावर पलटणीतल्या एका नायकाचं नाव होतं. लढाईच्या साली पेटी करायला सांगून आघाडीवर गेला आणि न्यायला आलाच नाही. पेटी पडून पडून गंजली तेव्हा सूर्यभानानं झाकण छपराला लावलं होतं आणि म्हणाला होता, आला तर नवी करून देईन. मालनबाई बाकी सगळ्यावरून नवऱ्याला टोचायची, या झाकणावरून कधी नाही.

नवे पत्रे चढू लागले आणि खरी लढाई सुरू झाली. सूर्यभानानं पहिला खिळा काढला आणि सवयीनं खोलगटात टेकवला.

"वरंब्यावर!" मालनबाई खालून म्हणाली.

"तू गप."

"वरंब्यावर मारा, न्हाईतर मी परत वर येते."

सूर्यभानानं रस्त्याकडं पाहिलं. लोक अजून हलले नव्हते. शेवटी त्यानं तह केला. "भिंतीच्या त्या अंगाला, खोलीवर, तुझ्या मनासारखं मारतो. ह्या अंगाला कारखाना माझा हाय. इथं मी मारीन तसं."

"मारा," मालनबाई म्हणाली. "तुमच्या राज्यात तुमी राजे."

राजेसाहेबांनी बोलल्याप्रमाणं केलं. खोलीवरचा प्रत्येक खिळा उंचवट्यावर, खाली डांबरी फडक्याची चकती घालून, तोंड वाकडं करून, पण चोख मारला. हात मुळात चांगला होता, अडचण होती ती डोक्याची. मग भिंत ओलांडून तो आपल्या राज्यात आला आणि उत्साहानं सरीत खिळे ठोकू लागला.

शेवटचा पत्रा चढत होता तेव्हा मार्थाबाईंकडून बोलावणं आलं. चांगुणाला कळा सुरू झाल्या होत्या. मालनबाई हातातले खिळे तिथंच टाकून पळाली. दिवस मावळायच्या आत नात झाली. मार्थाबाई म्हणाल्या, "छप्पर होईपर्यंत ठेवा म्हणालीस. तिकडं शेवटचा पत्रा चढेपर्यंत इकडं एक माणूस वाढलं."

आठवडाभर लेक तिथंच राहिली आणि मग बाळाला घेऊन घरी आली. ढग यायचे, जायचे. नवं छप्पर उन्हात असं चकाकायचं की डोळ्यांना सहन होत नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सूर्यभान वर बोट दाखवायचा. मालनबाई मात्र बाळ निजलं की बाजेवर आडवी पडून एकेका खिळ्याकडं बघत राहायची. पावसात न तपासलेल्या छपरावर तिचा विश्वास नव्हता. नवऱ्याच्या हातावर तर त्याहून नव्हता.

घट बसले. बारशाचा दिवस आला. चांगुणाची नणंद रंगुबाई सासरची माणसं घेऊन आली. खोलीत पाळण्याभोवती बायका बसल्या, कारखान्यात पेट्या सरकवून पुरुषांसाठी जाजम टाकलं. घुगऱ्या वाटून झाल्या, पाळणा सजला, रंगुबाई नाव सांगायला बाळाच्या कानाशी वाकली आणि पूर्वेकडून हस्त आला.

नव्या पत्र्यावर असा आवाज झाला की शेजारणीला शेजारणीचं ऐकू येईना. रंगुबाईनं नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घातले, सगळं नुसतं दिसत होतं, ऐकू काहीच येत नव्हतं. मालनबाई त्यातलं काही बघत नव्हती. ती मान वर करून उभी होती. एक हात पाळण्याच्या दोरीवर आणि दुसऱ्या हातात पातेलं. ते तिनं केव्हा उचललं, तिलाही कळलं नव्हतं.

पाऊस कोसळत राहिला. पाळण्यावरचा पत्रा कोरडा. बाजेवरचा कोरडा. तिनं एकेक कोपरा पाहिला. आता नुसती चूल नाही, सारी खोलीच कोरडी. बाळाच्या कपाळावरून हात फिरवून तिनं तो डोळ्यांपुढं धरला. कोरडा होता. तेव्हा कुठं ती छपराकडं बघायची थांबली.

एवढ्यात भिंतीपलीकडं गलका झाला. कारखान्यात पाव्हण्यांची धावाधाव चालली होती. खिळ्याखिळ्यातून धार लागली होती, अगदी ओळीनं, शिस्तीत, परेडला उभी केल्यासारखी. चांगुणाच्या सासऱ्यांनी फेटा काढून मांडीखाली घेतला होता. बन्सी एका नव्या पेटीचं झाकण डोक्यावर धरून बसला होता आणि त्याला आजीचं काही आठवत नव्हतं. कोरडी होती ती फक्त त्या नायकाच्या झाकणाखालची जागा. सूर्यभानानं ते आतून वाशांना उताणं टांगलं होतं आणि त्याच्याखाली तो स्वतः बसला होता. पण झाकण भरून वाहू लागलं तसा तोही उठला.

डोक्यापासून निथळत तो खोलीच्या दारात आला. बायकांनी पदर सावरून वाट दिली. त्यानं वर पाहिलं. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. पाळण्यात नात स्वस्थ झोपली होती. सूर्यभानाचा चेहरा हळूहळू खुलला. त्यानं वाकून पाळण्याला अलगद झोका दिला आणि पावसाच्या वर आवाज चढवून बायकोला म्हणाला, "बघितलंस? थेंब न्हाई! म्हनून म्हनत हुतो, पत्र्याचं काम आपल्याला कुनी शिकवायचं न्हाई!"

 मालनबाईनं आपल्या हातातलं पातेलं त्याच्या हातात दिलं आणि भिंतीपलीकडं बोट दाखवलं.