ताईंचा वाळूचा डबा

फोन आला तेव्हा मी लांजीच्या स्टँडवर नुकतीच बसमधून उतरले होते. सगळा ऑक्टोबर बालाघाटला मोठ्या जाऊबाईंच्या, आमच्या शकूताईंच्या, उशाशी काढला होता. धान कापणीला आलं म्हणून दोन दिवसांपुरती घरी निघाले होते. "लता, तुझी ताई गेली..." एवढंच भाऊजी बोलले. भाऊजी म्हणजे ताईंचे यजमान. मी उतरले त्याच बसमध्ये पुन्हा चढले. रडू आलं नाही. पाय फार दुखत होते, तेवढं आठवतं.

शकूताईंचं नाव काढलं की आमच्या नात्यात लोकांना आधी नाताळ आठवतो, हे ऐकून परक्याला हसू येईल. भाऊजी जंगल खात्यात असताना त्यांच्या क्वार्टरच्या भिंतीला भिंत लागून ग्रेसबाई राहायच्या. सरकारी दवाखान्यात नर्स, नवरा नाही, दोन लहान लेकरं. एका नाताळला त्यांची ड्युटी लागली आणि लेकरांनी ताऱ्यासाठी रडून घर डोक्यावर घेतलं. ताईंनी आयुष्यात दिवाळीच्या कंदिलापलीकडे काही केलेलं नव्हतं. त्यांनी बांबूच्या कमच्या सोलल्या, पतंगाचा कागद चिकटवला आणि हाताच्या सवयीनं ताऱ्याच्या पाचही टोकांना लांब झिरमिळ्या लावून तो पोर्चच्या खिळ्याला टांगला. ग्रेसबाई ड्युटीवरून आल्या आणि फाटकातच हसत सुटल्या.

"शकूबाई, हे काय केलं वो? ताऱ्याले झिरमिळ्या?"

"मंग काय झालं? वाऱ्यानं हलते, लेकरं खूश हायेत. राहू दे."

आणि राहिल्याच त्या झिरमिळ्या. दरसाल.

त्याच डिसेंबरात ग्रेसबाईंनी ताईंना कढईत वाळू तापवून तिच्यावर केक भाजायला शिकवलं. ताईंनी वैनगंगेची वाळू आणली, धुतली, वाळवली आणि तुपाच्या जुन्या डब्यात भरून ठेवली. अंडं चालत नाही म्हणून ताक घातलं, साखर महाग म्हणून गूळ. नव्या चिन्नोर तांदळाचं पीठ कणकेत मिसळलं. तो केक फुगायचा कमी आणि घमघमायचा जास्त. सोबत जवसाचे आणि डिंकाचे लाडू. मला लांजीहून बोलावणं ठरलेलंच, "लते, ये वं, खोबरं किसाले हात पाहिजेत." मी चिडायची. एकदा म्हटलंच, "ताई, आपल्या संक्रांतीचा पत्ता नाही अन् दुसऱ्याच्या सणासाठी एवढं मरमर काहून करता?" ताईंनी मान वर न करता सांगितलं, "सण दुसऱ्याचा असन, थंडी त आपलीच हाय ना?" मी कपाळाला हात लावून खोबरं किसायला बसले.

पुढे भाऊजींनी घर बांधलं आणि तिथल्या पोर्चलाही ताऱ्यासाठी खिळा ठोकला; ताई आता एक तारा घरी आणि एक ग्रेसबाईंकडे लावायच्या. ग्रेसबाई रिटायर झाल्या. लेकरं दूर गेली आणि नाताळला यायची बंद झाली. गुडघे धरल्यावर ग्रेसबाईंनी स्वतःची चूल जवळजवळ सोडलीच. चर्चमागच्या ज्या दोन खोल्यांत त्या राहायच्या, तिथे नाताळ म्हणजे ताईंचा तारा आणि ताईंचा केक, दुसरं काही नाही. हे मला चांगलं ठाऊक होतं.

यंदा डिसेंबर उजाडला तेव्हा मी भाऊजींचं जेवणखाण बघायला बालाघाटलाच होते. दुखवट्याच्या घरी वर्षभर सणाची कढई चढत नाही, शेजारपाजारचे आणून देतात. मी भीतभीत विचारलं, "भाऊजी, केक काही तळत नाहीत..." ते म्हणाले, "कढई ते कढईच." आणि पोर्चमध्ये रिकाम्या खिळ्याखाली जाऊन बसले. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. महिनाभर दुखणं उपसून मी आंबून गेले होते, कोणाचं काही करायचं त्राण नव्हतं. पण त्या दोन खोल्या काही डोळ्यांपुढून हलेनात. ताई गेल्या, आता तिकडचा नाताळही माझ्या हातून जाणार... असं सारखं वाटत राहायचं.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी फाटकाशी रिक्षा थांबली. काठी टेकत ग्रेसबाई आत आल्या. पोर्चच्या खिळ्याकडे एकदा पाहिलं आणि मला म्हणाल्या, "लता, वाळूचा डबा दे वं. माह्या घरी वाळू कुठची? कधी लागलीच नाही."

"तुम्ही कराल? या गुडघ्यांनी?"

"हौ. तुमच्या घरी यंदा कढई चढत नाही, मले माहीत नाही का? दुखवट्याच्या घरी बाहेरच्यानं आणून द्या लागते. शकूबाईनंच शिकवलं मले."

भाऊजी खुर्चीतून उठले. डबा त्यांनी स्वतः रिक्षात नेऊन ठेवला.

दुपार कलताना ग्रेसबाईंना आणि डब्याला घेऊन रिक्षा परत आली. केक एका बाजूनं करपलेला, मधे बसलेला. सोबत तारा होता, वेडावाकडा, पण पाचही टोकांना झिरमिळ्या. भाऊजींनी स्टुलावर चढून तो टांगला. ग्रेसबाई खाली उभ्या राहून "जरा डावीकडं" म्हणत होत्या, ताई म्हणायच्या तसंच.

मी डबा उचलून स्वयंपाकघरात गेले. फळीवर त्याची जागा तशीच मोकळी होती. ठेवण्याआधी सहज झाकण काढलं आणि वाळूत हात घातला. वाळू अजून कोमट होती. तेव्हा कुठे मला रडू आलं.