अकरा घरांची सावड

मी आयुष्यात एकच नोटीस लावली आणि पाचव्या दिवशी ती मीच फाडली. तिच्यावर लाल पेनाने लिहिलं होतं, 'जुलै महिन्यात कोणालाही रजा मिळणार नाही. हुकमावरून.' हुकूम कोणाचा? माझाच.

वलवणला माझी लॉन्ड्री आहे. घरगुती कपड्यांची नव्हे, हॉटेलांच्या आणि बंगल्यांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल धुवायची. सासऱ्यांनी एका खोलीत दोन इस्त्र्यांवर सुरू केली होती. आता तीन मोठी मशीनं, एक ड्रायर, तीन इस्त्र्या आणि अकरा बायका आहेत. बायका डोंगराकडच्या एकाच वाडीतल्या. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे मी नव्या माणसाला आधीच सांगून टाकते, म्हणजे त्याला पळायला वेळ मिळतो. सकाळी आठला पाच मिनिटं वर झाली की हजेरीच्या वहीत लाल पेनाने फुली, म्हणजे लेट मार्क. सासऱ्यांच्या काळापासून इस्त्रीला असलेल्या साठी उलटलेल्या मावशी, त्यांनाही सूट नाही.

नोटिशीची कल्पना मला शिबिरात सुचली. लोणावळ्याच्या एका हॉटेलात छोट्या धंदेवाल्यांसाठी एक दिवसाचं शिबिर होतं. झपाट्याने बदलणाऱ्या जगात धंद्याचं नेतृत्व कसं करावं, असा विषय. हॉटेल माझं गिऱ्हाईक, म्हणून मला फुकट पास. वक्ते सुटाबुटातले. पडद्यावर त्यांनी गरुड दाखवला, तो वादळात ढगांच्याही वर कसा जातो ते सांगितलं. मी अर्धा वेळ टेबलावरच्या कापडाकडे बघत होते, कारण ते आमच्याकडे धुतलेलं होतं आणि त्याची घडी चुकली होती. पण एक वाक्य कानात बसलं. लीडरने नियम स्पष्ट ठेवावा आणि सगळ्यांना सारखा ठेवावा. वा, म्हटलं, हे तर आपल्याला जमतंच!

जग बदलतंय हे सांगायला मला गरुड नको होता. पूर्वी बंगल्यांचे मालक मे महिन्यात आणि दिवाळीत यायचे, चादरी आठवड्याने दिल्या तरी चालायचं. आता त्याच बंगल्यांच्या व्हिला झाल्यात. मोबाइलवर बुक होतात. सकाळी अकराला एक घोळका निघतो, दुपारी एकला दुसरा येतो, आणि मधल्या दोन तासांत प्रत्येक पलंगावर कोरी चादर हवी. तिकडे माझ्या दोन जुन्या हॉटेलांनी स्वतःची मशीनं घेतली. काम असं आटत गेलं तर दिवाळीपर्यंत चार-पाच बायकांना घरी बसवावं लागणार, हे मला दिसत होतं. कोणाला बसवायचं, ते मात्र मी ठरवतच नव्हते.

अशात तीसेक व्हिला चालवणारी एक कंपनी दारात आली. मॅनेजर बाई पंचविशीची, बोलायला गोड, हातात टॅब. तिची अट कडक होती. जुलैचे चार शनिवार-रविवार ट्रायल. एका व्हिलाला एक चादर जरी उशिरा पोहोचली, तरी काम पुण्याच्या लॉन्ड्रीला. ट्रायल पार पडली तर वर्षाचा करार. म्हणजे कोणालाच घरी बसवायला नको! मी लगेच हो म्हटलं, आणि पहिल्या शुक्रवारी सकाळी नोटीस चिकटवली.

आता यात माझा मूर्खपणा कुठे ते सांगते. जुलैत लोणावळ्यात पाहुण्यांची झुंबड असते, आणि त्याच जुलैत मावळात आवणी असते, म्हणजे भाताची लावणी. इतकी वर्षं काम बेताचं होतं, बायका आळीपाळीने जायच्या, भागायचं. बदलत्या जगाच्या नादात मी आवणी विसरले नव्हते, नाही म्हणायचं एवढंच ठरवलं होतं.

पहिला शनिवार-रविवार निभावला. रविवारी संध्याकाळी मावशी टेबलापाशी आल्या. मागे बाकीच्या दहा जणी.

"वैनी, रोप तयार झालंय. उद्यापास्नं आमी येत न्हाई. पंधरा दिस पायजेत."

"कोणाकोणाला?"

"समद्यास्नी."

मी नोटिशीकडे बोट दाखवलं.

"ती वाचली आमी," मावशी म्हणाल्या. "पर रोपाला वाचता येत न्हाई ना."

मागे कोणीतरी फिसकन हसलं, आणि माझं डोकं फिरलं. "मग जा खुशाल! आणि गेलात की परत यायची तसदी घेऊ नका. इस्त्री करणाऱ्या बायका लोणावळ्यात पैशाला पासरी मिळतात!"

एकेकीने छत्री उचलली आणि निघाली. मावशींनी जाताना तिन्ही इस्त्र्यांची बटणं बंद आहेत का ते तपासलं, रोज तपासायच्या तसंच.

सोमवारी लॉन्ड्रीत मी आणि आमचे हे. हे तळेगावच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहेत, माझा आवाज ऐकून त्यांनी रजाच टाकली. समोर शनिवार-रविवारच्या मळक्या चादरींचा डोंगर. यांनी एका तासात सात अभ्रे इस्त्री केले, त्यातला एक जाळला. मी फोनवर फोन लावत होते. वलवण झालं, लोणावळा झालं, पार बेगडेवाडीपर्यंत ओळखी काढल्या. ज्यांना येत होतं त्या सगळ्या आवणीला.

"पैशाला पासरी मिळतात ना?" हे म्हणाले. "एक पासरी इकडे पाठव. हात भाजला माझा."

मला रडूच आलं. चादरींचं नव्हे, त्या तिन्ही बटणांचं.

मंगळवारी सकाळी मी स्कूटर काढून वाडीवर गेले. माफी मागायची की दम द्यायचा, हे वाटभर ठरेना. सोमवार रोपं उपटून जुड्या बांधण्यात गेला होता; आज पहिलं घर, म्हणून सगळ्या मावशींच्या खाचरात सापडल्या. अकरा जणी एका रांगेत वाकलेल्या, गुडघाभर चिखलात, रोपं टोचत टोचत मागे सरकत होत्या. याला सावड म्हणतात. आज सगळ्या तुझ्या खाचरात, उद्या सगळ्या माझ्या. तू जितका वेळ मला दिलास तितका मी तुला परत करायचा. मजुरी नाही, आभार नाहीत. मावशी रांगेच्या कडेला होत्या. त्या काही ओरडत नव्हत्या, पण त्या मागे सरकल्या की रांग सरकत होती.

मी बांधावर उभी राहून शनिवारचं काय, कराराचं काय, असं सगळं वरूनच बोलायला लागले. मावशींनी मानसुद्धा वर केली नाही.

"वैनी, बांधावनं बोलू नगा. काय ऐकू येत न्हाई. उतरा खाली."

"उतरा की वैनी!" दुसरी म्हणाली. "चिखलाची कशाला काळजी, लॉन्ड्री तुमचीच हाय!"

चपला काढून उतरले. तिसऱ्या पावलाला बसकण मारली, चांगली कमरेपर्यंत. अकरा जणी हसल्या ते हसल्याच. आणि खरं सांगते, चार दिवसांत पहिल्यांदाच मीही हसले. हसता हसताच म्हटलं, "चुकलं माझं. तुम्हाला तसं बोलायला नको होतं." मावशींनी माझ्या हातात रोपांची जुडी दिली. "तीन-तीन काड्या घ्या. आंगठ्यानं दाबा. लय खोल नगं."

तासाभरात कंबर धरली आणि रांग वाकडी झाली. पण वाकल्या वाकल्या गप्पा सुरू होत्या, तर मीही विचारलं, "मावशी, यातून काही वाट निघेल का?" लॉन्ड्रीत इतकी वर्षं मी फक्त सांगत आले होते. विचारलं त्या दिवशी पहिल्यांदा.

"तुमचं पावणं कवा येत्यात?" त्यांनी विचारलं.

"शुक्रवारपासून. शेवटचा मळका माल सोमवारी येतो."

"मंग शुक्रवार ते सोमवार आमी तुमच्याकडं. मंगळवार, बुधवार, गुरुवार आवणी. दिसाला दोन घरं उरकली तर दोन आठवड्यात अकरा घरं व्हत्यात." त्यांनी पुढची जुडी उचलली. "पर दिसाला दोन घरं करायची तर हात वाढाय पायजेत. तुमी येणार का?"

"मला येत नाही हो."

"ते दिसतंच हाय," मावशी म्हणाल्या. "या."

मी दोन दिवस डोकं धरून बसले होते, आणि या बाईने चिखलात उभ्या उभ्या वेळापत्रक करून दिलं! दुपारनंतर चौघी माझ्याबरोबर आल्या, संध्याकाळपर्यंत डोंगर निम्मा झाला. नोटीस फाडली ती तेव्हाच.

पुढचे दोन आठवडे माझी तऱ्हा बघण्यासारखी होती. मंगळवार ते गुरुवार सकाळी हॉटेलांचा थोडका माल मशीनला लावायचा, पिळून ड्रायरमध्ये टाकायचा, आणि मग वाडीवर पळायचं. पोहोचेपर्यंत नऊ वाजायचे. बायका आठपासून चिखलात. अकराही घरांच्या खाचरांत मी उतरले. कोणाचं खाचर दोन खोल्यांएवढं, कोणाचं उतारावर. दुपारी बांधावर बसून भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली, कोणाची सून नांदायला आली, कोणाचं पोर कारखान्यात लागलं, सगळं कळलं. इतकी वर्षं मला त्यांची फक्त येण्याची वेळ माहीत होती.

दुसरा शनिवार-रविवार झाला, तिसरा झाला. एकही चादर उशिरा गेली नाही. आवणी संपली. राहिला फक्त चौथा.

आणि चौथ्या शुक्रवारी संध्याकाळी ड्रायरची मोटर जळाली. धूर, वास, संपला विषय. यांनी उघडून बघितली आणि मान हलवली. नवी मोटर सोमवारशिवाय येणार नव्हती. टॉवेलांचे जादा संच कपाटात कोरडे होते, पण चादरी मोजून तेवढ्याच. शनिवारी अकराच्या आत दोनशे चादरी हव्यात, आणि जुलैत वलवणला दोरीवर रुमाल वाळत नाही, तिथे चादर कुठून वाळणार? पिळायचं मशीन चालू होतं. राहिली इस्त्री. ओली चादर इस्त्रीखाली वाळते, पण वेळ खाते, आणि इस्त्र्या तीन. कपाळ माझं!

रात्रभर आम्ही दोघांनी इस्त्री ओढून बघितली, पुरणार नाही हे कळलं तेव्हा शनिवारी सकाळी सहाला मावशींना फोन केला. सगळं सांगितलं.

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"बरं काय, बरं!" मी यांच्यावर ओरडले. "इथे माझा धंदा बुडतोय आणि म्हणे बरं!"

साडेसातला दाराशी टेंपो थांबला. मागची ताडपत्री वर झाली आणि आमच्या अकरा जणी उतरल्या. मग आणखी माणसं उतरली. कोणाचा नवरा, कोणाची सून, कोणाचा दीर. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली घरची इस्त्री. मावशींच्या यजमानांनी, आबांनी, तर कोळशाची इस्त्री आणली होती, वर निखाऱ्यांचा डबा वेगळा.

मी बघतच राहिले. यांनी मात्र वेळ घालवला नाही. वायरी ओढल्या, ड्रायरच्या लाइनवरून बोर्ड काढून दिले. जमिनीवर सतरंज्या घातल्या, आतलं दार बिजागरीतून काढून दोन ड्रमांवर आडवं ठेवलं. एकदा फ्यूज उडाला, तेवढ्यात आबांची कोळशाची एकटी चालू होती, त्याचा त्यांना केवढा अभिमान! बायका बाप्यांना शिकवत होत्या, "आवो, शर्ट न्हाई ती, चादर हाय. सरळ वडा." आणि बाप्ये मुकाट ओढत होते.

"मावशी," मी म्हटलं, "हे उपकार मी कसे..."

"कसलं उपकार?" त्यांनी चादर झटकली. "सावड हाय. तुमी अकरा घरच्या खाचरात उतरलात. अकरा घरचं येक-येक मानूस आलंय. मोजून घ्या."

मी खरंच मोजलं. आमच्या बायका सोडून बरोबर अकरा. मी तर माझ्या गरजेपोटी चिखलात उतरले होते, ते कोणाच्या लक्षात राहील असं मनातही नव्हतं. तिथेच ओल्या चादरीत तोंड खुपसून मी रडले. मावशींनी ती चादर माझ्या हातातून काढून घेतली, म्हणाल्या, "आदीच वली हाय, आनि भिजवू नगा."

साडेदहाला मॅनेजर बाई टॅब घेऊन हजर. दारात उभी राहून तिने तो सगळा बाजार बघितला. "मॅडम, ही तुमची बॅकअप टीम का? इतक्या कमी वेळात कशी उभी केलीत?"

"चिखलात बसून," मी म्हटलं. तिने टॅबवर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं देव जाणे. अकराला दहा मिनिटं कमी असताना शेवटची चादर गाडीत चढली.

करार ऑगस्टमध्ये झाला. त्यात मी एक ओळ घालून घेतली, जुलैचे पहिले तीन आठवडे मंगळवार ते गुरुवार आमच्याकडून माल मिळणार नाही. कंपनीने तीनदा कारण विचारलं, मी तीनदा 'आवणी' असंच कळवलं, मग त्यांनी सही केली. दिवाळीत कोणी घरी बसलं नाही.

सही झाली त्या दिवशी मी पेढे वाटले. मावशींनी पेढा तोंडात टाकला, माझ्या टेबलावरची हजेरीची वही पुढे ओढली आणि लाल पेन उचललं. चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत, अक्षर मोठं आणि सावकाश. अकरा नावांच्या खाली त्यांनी बारावं नाव लिहिलं, 'वैनी'. त्याच्यापुढे ओळीने सहा फुल्या मारल्या.

"हे काय हो?"

"सा दिस आलात, सा दिस नऊ वाजवलंत. आवणी आठाला सुरू व्हती. फुडल्या साली टायमात या." मग माझ्याकडे जरा निरखून बघत म्हणाल्या, "रागावलात?"

मी मानेनेच नाही म्हटलं. त्या वहीत माझं नाव पहिल्यांदाच आलं होतं.