बर्फवाले भावजी

"वहिनी, बर्फानं मागून वाट बंद केली," भावजी फोनवर म्हणाले. त्यांच्या पाठीमागे जहाजाचं लोखंड दाबलं जात होतं, त्याचा आवाज येत होता. तसा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. "पाणी शिरतंय. घाबरू नका." आणि फोन तुटला. इकडे आखातात, मनखूलच्या आमच्या घरात भर दुपार होती, खाली रस्ता तापला होता, आणि मी तोच नंबर परत लावत होते.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. बिल्डिंगमधली मुलं त्यांना आइस अंकल म्हणत. दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात मासे धरणाऱ्या जहाजांवर ते निरीक्षक होते. तिथे एका देशाच्या जहाजावर दुसऱ्या देशाचा माणूस नेमतात, म्हणजे आपल्याच माणसांची चोरी कोणी झाकत नाही. दोन सफरींच्या मधे ते आमच्याकडे राहत. बर्फात दिवस काढणारा हा माणूस घरात शिरला की आधी एसी बंद करी. माझा मुलगा घामाने भिजून ओरडे, "काका, यल्ला, निघा, जा परत तिकडे!"

जेवताना त्यांचा विषय एकच. "समुद्र तापतोय, वहिनी. बर्फ हटला की जहाजं आणखी आत घुसतात. किती मासा काढायचा, कधी थांबायचं, हे सगळ्या देशांनी मिळून ठरवायचं. एक जरी नाही म्हणाला तरी खलास." मी चौथी शिकलेली. पण आमच्या हर्णैला पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की चोरून मासे धरायला कोण गेलं यावरून केवढी भांडणं होतात, ते मी पाहिलंय.

त्यांचा एक हट्ट होता. "पाण्यात दोर सोडून यायचा नाही." हजारो गळांचा तो दोर तळाला राहिला तर उगाच मासे मारत राहतो, असं ते म्हणत. दोर टाकून पळणाऱ्या जहाजावर ते कडक शेरा मारत, मग त्याला परवाना मिळताना मारामार होई. कप्तान त्यांना टरकून असत. मला मात्र भीती वाटे.

"तुटू दे की दोर! मासे तुमचे कोण लागतात?" मी एकदा चिडून विचारलं.

"कोणीच नाही. म्हणून तर मला पगार देतात, वहिनी."

फोन आला त्या दिवशी ठरलेला मासा काढून झाला आणि सगळ्या जहाजांना बाहेर पडायचा हुकूम आला. बाकीची निघाली. यांचा एक दोर बर्फाखाली अडकला होता. कप्तान तो कापायला निघाला. भावजी म्हणाले, ओढा. शेऱ्याच्या धाकानं तो ओढत बसला. तेवढ्यात वारा फिरला आणि मागून बर्फ दाटला. हे आम्हाला मागाहून कळलं. चूक भावजींचीच होती. मी घरात तसं बोलले, तर सून अजून रागावलेली आहे.

त्या दुपारी मात्र काहीच कळत नव्हतं. नात फोन घेऊन बसली होती. "आजी, अनदर शिप इज कमिंग." मी विचारलं, कुठल्या देशाचं? तिनं नाव सांगितलं. बैठकीत दरवर्षी नाही म्हणणारा देश तोच. भावजी जेवताना त्यालाच शिव्या घालत. ते कशाला येतील? गॅस बंद आहे की नाही हे मी पुन्हा पुन्हा जाऊन बघत होते.

ते आले. बर्फ फोडत आले. होडी लावून एकेकाला उतरवून घेतलं. भावजी शिडीवरून निसटले आणि जहाज आणि होडीच्या मधे पाण्यात पडले.

कप्तान आणि त्याचे सगळे खलाशी वाचले. भावजी वाचले नाहीत.