पायाळूबाई आणि मागं राहिलेलं अंडं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे दात काढलेत तर चहाचा कप परत घेईन. माझी फजिती झाली, मान्य. पण चूक माझी होती असं कुणी म्हणायचं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हाही यशवंतपुरात, घाऊक बाजाराच्या मागच्या ह्याच गल्लीत राहायचो. बेंगळुरात सासरची तिसरी पिढी, त्यामुळं घरात मराठी, आणि मराठीत निम्मं कन्नड. मागं परसात सासूबाईंच्या कोंबड्या. त्यातली काळी खुडूक झाली, तेव्हा सासूबाईंनी तिला बुट्टीत भुसा घालून अंड्यांवर बसवलं आणि निघाल्या धारवाडला, लेकीकडं. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "अंड्यांना हात लावू नकोस."

हात लावू नकोस! मी काय लहान पोर आहे? दुसऱ्याच दिवशी काळी दाणे टिपायला उठली, तेव्हा बघितलं तर अंड्यांना सगळी काजळी लागलेली. मला बाई घाण बघवत नाही. ओल्या फडक्यानं एकेक पुसून लख्ख केलं आणि परत ठेवून दिलं.

पिल्लं निघायच्या सुमाराला सासूबाई परत आल्या. बुट्टीभर पिल्लं झाली. एक अंडं मात्र तसंच राहिलं. काळी पिल्लांना घेऊन उठायच्या बेतात, आणि हे बिचारं आतच. मी बुट्टीपाशी बसून उचलून बघितलं तर कवचाला केसाएवढी चीर. कानाला लावलं. चिवचिव ऐकू आली!

पिल्लू अडकलंय, काढायला हवं, असं मी म्हणाले. सासूबाई पायरीवर बसल्या होत्या, त्यांना लांबचं धड दिसत नव्हतं. तिथूनच म्हणाल्या, "ज्याचं त्यानं बाहेर यावं. ओढून काढलेलं जगत नाही."

झालं! हे मला सांगायचं? मला? अहो, मी पायाळू. पायांकडून जन्मलेली. आईच्या पोटात अडकले होते, सुईणीनं ओढून काढली. गल्लीत कुणाची कंबर धरली की ती सुटावी म्हणून माझी लाथ खायला आमच्याच दारात यायचे लोक. ओढून काढलेली जगत नाहीत? ही बघा जगली, वर तुमच्या लेकाशी लग्नही केलं! आणि हे मी मनात नाही म्हणाले, मोठ्यानं म्हणाले.

शेजारची रत्नाक्का भिंतीवरून डोकावली. "स्वल्प थांब गं," म्हणाली, "कोमट पाण्यात सोडून बघ. जिवंत असलं तर हलतं." सोडलं. ते दगडासारखं तळाशी जाऊन बसलं. रत्नाक्का माझ्याकडं बघायला लागली.

"दमलंय," मी म्हणाले.

मग आमच्या ह्यांना कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर पिटाळलं, बेळगावला माझ्या आईला विचारायला. परत येऊन सांगतात काय, तर कोंबडीला सगळं कळतं, तू गप्प बस असा निरोप आहे. सख्खी आई! माझ्या वेळी सुईणीला असंच सांगितलं असतंस तर गं?

तोवर भिंतीवर चार डोकी आणखी जमली. मी कापूस आणला, जुनी शाल आणली, ऊब द्यायला बल्ब लावून ठेवला. वरून कितीही तोरा असला तरी चिरेपाशी नेलेलं नख मी दोनदा मागं घेतलं. काढताना मेलं तर माझ्या हातून मरणार, नाही काढलं तर माझ्या डोळ्यांदेखत. मला दुसरं सोसवलं नसतं. मी अंबाबाईचं नाव घेतलं.

सासूबाई चष्मा लावून जवळ आल्या. "अगं, जरा माझ्या हातात दे बघू. ह्याच्यावर..."

"आई, आता मधे बोलायचं नाही."

चिरेत नख घातलं. एक टवका काढला. दुसरा काढला. आणि घळकन माझ्या तळहातावर आला बलक. गोल, पिवळाधमक, अगदी आज सकाळचा!

चिवचिव चालूच होती. माझ्या पायाशी, बुट्टीतून.

सासूबाई वाकल्या, बुट्टीतली टरफलं उलटीपालटी करून बघितली. मग शांतपणे म्हणाल्या, "बसवलेल्या प्रत्येक अंड्यावर मी कोळशाची रेघ ओढली होती. दुसरी कोंबडी मधेच येऊन घालून गेली तर ते ओळखावं म्हणून. कुठं गेल्या सगळ्या रेघा?"

आता काय सांगणार? काजळी म्हणून पुसल्या! पण मी मान खाली घातली नाही. म्हटलं, काय ते कोळशाचं, आधी सांगायला तोंड नव्हतं? आणि तो बलक तसाच हातात धरून ताठ मानेनं स्वयंपाकघरात गेले, कांदा घातला आणि अंड्याची पोळी भाजली. सासूबाईंनी खाल्ली. वर मीठ कमी आहे म्हणाल्या.

मी अजूनही म्हणते, जीव अडकला असेल तर हात घालावा, मग जगानं काहीही म्हणो. विचार माझा बरोबर होता, अंडं चुकीचं होतं.

पण रत्नाक्का ऐकेल तर ना! अजून मी दुकानातून अंडी घेऊन येताना दिसले की भिंतीवरून विचारते, "पायाळूबाई, फोडायच्या आधी कानाला लावलंस का?"

कशाला खोटं बोलू? लावते मी.