मामाजींचा रुसवा आणि साडभाऊंचे उंदीर

माणसाच्या कवटीत मन, बुद्धी, स्वभाव वगैरे काही नसतं, तिथे फक्त चार-पाच रसायनं आणि त्यांची भांडणं असतात, यावर देवापेक्षा जास्त श्रद्धा असलेला वऱ्हाडातला एकुलता एक जावई आमच्या सासऱ्यांच्या वाट्याला आला, आणि धाकट्या मेहुणीचा नवरा म्हणून तो नेमका माझा साडभाऊ निघाला. हे गृहस्थ अमरावतीच्या एका फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवतात आणि उरलेला सगळा वेळ पांढऱ्या उंदरांना देतात. माझं अकोल्यात कापडाचं दुकान. दारात आलेला माणूस शर्टपीस घेणार की नुसताच पंख्याखाली बसून जाणार, एवढं मला ओळखता येतं. साडभाऊ त्याच्या मेंदूत काय कमी पडलंय ते सांगतात. एकदा माझ्या बायकोनं गॅसवर दूध ठेवलं आणि ती विसरली, तर हे सोफ्यावरून म्हणाले, "ताई, असिटिलकोलीन कमी पडलं." बायको म्हणाली, "आता दूधच कमी पडलं. काळा चहा घ्या." त्यांनी तो आनंदानं घेतला आणि तिच्या रागात कोणत्या रसायनाचा किती हात आहे, हे कप संपेपर्यंत मला समजावून सांगितलं.

खोटं कशाला बोलू, मला त्यांच्या गोष्टींचा भारी शौक. एकदा मी हट्टानं त्यांची प्रयोगशाळा पाहायला गेलो. ओळख पटावी म्हणून कुणा उंदराच्या डोक्यावर पिवळा ठिपका, कुणाच्या पाठीवर. लग्नकार्यात सख्ख्या नातेवाइकांना न ओळखणारा हा माणूस ठिपका न पाहता उंदीर ओळखत होता. एका विद्यार्थ्यानं उंदराची मान पकडली, तर हे ओरडले, "अबे, तुही मान धरली त तुले कसं वाटन?" मग त्यांनी एका उंदराला आडव्या दांडीवर पुढचे पाय ठेवून उभं केलं. तो झटकन उतरून पळाला. दुसऱ्याला तसंच ठेवलं, तर तो ठेवला तसाच राहिला. साडभाऊ स्टॉपवॉच घेऊन बसले. मी घाबरून विचारलं, "मेला काय हो?"

"मेला नाही. याला डोपामिन अडवणारं औषध दिलंय. उतरायचंय त्याला, पण डोक्यातून निघालेला हुकूम पायापर्यंत पोचत नाही. औषधाचा असर गेला की पळेल."

दुसऱ्या एका औषधानं म्हणे उंदीर शिकलेली वाटच विसरतो. मी विचारलं, "आपण विसरलो, हे तरी त्याच्या ध्यानात राहतं काय?" साडभाऊ स्टॉपवॉच खाली ठेवून म्हणाले, "भाऊ, हा प्रश्न आमच्या पोरांनी विचारायला पाहिजे." त्या एका वाक्यावर मी चार दिवस दुकानात हवेत होतो.

या उंदरांपायी त्यांनी अत्तर, पावडर, वासाचा साबण, सगळं सोडलेलं. वास बदलला की उंदीर बिचकतात आणि प्रयोगाचे तीनतेरा वाजतात. ठीक आहे, पण लग्नात? आमचे सासरे, ज्यांना आम्ही दोघं मामाजी म्हणतो, परतवाड्याकडचे फुलमाळी. धाकटीच्या लग्नात त्यांनी स्वतःच्या मळ्यातला मोगरा तोडून, स्वतः ओवून जावयासाठी हार आणला. भरल्या मांडवात हे दोन पावलं मागे सरकले. "मामाजी, हार नको. उद्या सकाळी उंदरांची परीक्षा आहे." सगळा मांडव माना उंचावून पाहू लागला! मामाजी मात्र पोट धरून हसले आणि हार परत टोपलीत ठेवला. इतका हसरा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आम्ही तो किस्सा वर्षानुवर्षं चघळला. साडभाऊंच्या मनात मात्र तो काटा तसाच राहिला होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

कारण वीसेक वर्षांनी मामाजी रुसले. हसणं बंद, बोलणं बारीक, चेहरा घट्ट. "बाबा, कोणावर रागावले?" मुलींनी विचारलं की पुटपुटत, "कोनावरच नाई," आणि हे ज्या आवाजात सांगत, त्यावरून राग फार मोठा असणार अशी आमची खात्रीच पटे. मी दोन शर्टपीस आणि एक धोतरजोडी पाठवली. बायको आठ दिवस राहून आली. मामाजींनी स्वतःच्या हातानं लिहून पूजेचं आमंत्रण पाठवलं, त्यावर साडभाऊंचं नाव मुंगीएवढ्या अक्षरात! झालं, धाकटीनं डोळ्याला पदर लावला. माझंही नाव तेवढंच बारीक होतं, पण ते कोण पाहतो? साडभाऊ मला म्हणाले, "भाऊ, हा हाराचाच राग आहे. वीस वर्षं पोटात ठेवला त्यांनी." त्यानंतर ते परतवाड्याला जायचं टाळू लागले, गेलेच तर मान खाली घालून बसत.

तशात धोंड्याचा महिना आला. जावयांना बोलावून अनारसे खाऊ घालायचे, त्याला नाही कसं म्हणणार? आम्ही दोघं पाटावर बसलो. मामाजी अनारशांचं ताट घेऊन स्वयंपाकघरातून निघाले आणि दारात थांबले. थांबले ते थांबलेच. नजर साडभाऊंवर, चेहऱ्यावर रेष नाही. "बाबा, या ना," माझी बायको म्हणाली. ते जागचे हलेनात. या जावयाला वाढायचं नाही, असंच सगळ्यांना वाटलं. धाकटी रडू लागली. मी उगाच ताट पुसत बसलो.

तेव्हा साडभाऊ उठले, हात जोडले आणि म्हणाले, "मामाजी, चुकलो मी. हाराबद्दल माफ करा." आणि पायावर डोकं ठेवायला वाकले. वाकले ते बराच वेळ वर येईनात. मामाजींच्या टाचा उठायला धडपडत होत्या, बोटं जमिनीला रेटा देत होती, पण पाऊल उठत नव्हतं. साडभाऊ तिथूनच म्हणाले, "लाटणं द्या मले. लवकर!" त्यांनी ते मामाजींच्या पायांपुढे आडवं ठेवलं. "हं, आता हे ओलांडा." मामाजींनी पाऊल उचललं, लाटणं ओलांडलं आणि सरळ चालत येऊन माझ्या ताटात दोन अनारसे घातले.

जेवण टाकून साडभाऊ बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले. मी मागून गेलो, तर हा माणूस लहान पोरासारखा रडत होता. "उंदीर असता तर पाच मिनिटांत ओळखला असता, भाऊ. घट्ट चेहरा, बारीक अक्षर, बसलेला आवाज, सगळं समोर होतं. सपाट जमिनीवर अडकलेला पाय आडवं काही दिसलं की उचलतो, हेही ठाऊक होतं. मी लाजेपायी त्यांच्याकडे पाहिलंच नाही." हात थरथरला असता, तर आम्हालाही शंका आली असती; पण तो थरथरत नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मामाजींना अमरावतीला मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. पार्किन्सन. डोपामिन कमी पडलं होतं.

गोळ्या सुरू झाल्या. दोन-तीन महिन्यांत चेहरा सैलावला, मामाजी पुन्हा मळ्यात फिरू लागले. एके दिवशी साडभाऊंनी माझ्यासमोरच धीर करून विचारलं, "मामाजी, हाराचा राग गेला ना?"

"कोनता राग?" मामाजी म्हणाले. "तुमी पाया पडाले वाकले, तवा मी हासूनच राह्यलो होतो ना बाप्पा. दरवेळी तुमी आले का हासो मी. तुमाले दिसे नाई, त्याले मी काय करू?"

त्या दिवशी साडभाऊंनी एकाही रसायनाचं नाव घेतलं नाही.

आता गोळीचा असर पहिल्याइतका टिकत नाही. दुपार कलली की मामाजींचा चेहरा पुन्हा घट्ट होतो. साडभाऊ दर रविवारी परतवाड्याला जातात आणि नेमके त्याच वेळी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसतात. परवा मीही होतो. कोणी काही बोललं नव्हतं आणि साडभाऊ एकदम हसले. मी विचारलं, "काहून हसले?"

"मामाजी हसले ना आत्ता," ते म्हणाले.

मी मामाजींकडे पाहिलं. मला काहीच दिसलं नाही, पण मीही हसलो.