श्रावणातलं आठळ्यांचं कालवण

माझा स्वभाव मुळातच संशयी. पोलादपूरच्या बाजारात भाजीवाल्याने न मागता दोन मिरच्या जास्त टाकल्या तरी मी आधी त्याच्या काट्याकडे बघते. पण सासूबाईंपुढे मी म्हणजे पहिलीतली पोरगी.

उमरठकडच्या आमच्या वाडीत श्रावण पाळायचा म्हणजे मासळी बंद. कांदा-लसूण चालतो. आदल्या दिवशी पाटा-वरवंटा राखेने घासायचा, मासळीचं टोप माळ्यावर पालथं घालायचं. त्या वर्षी तेवढीही गरज नव्हती. मुंबईत नवऱ्याचा पगार लांबला होता आणि सुकटीचा भाव ऐकून मी पावसाळ्याची सुकट भरलीच नव्हती. घरात तांदूळ होते, नाचणी होती आणि उन्हाळ्यात राख चोळून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या होत्या. त्यात सासूबाई तापातून उठलेल्या. अर्धी भाकरी मोडायच्या आणि ताट सरकवायच्या. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या होत्या. मला त्याचीच धास्ती होती.

म्हणून एका संध्याकाळी मी आठळ्या निखाऱ्यात भाजल्या, सोलून फोडल्या. कांदा तिथेच करपवला आणि लसूण-मिरचीबरोबर वाटला. खोबरं परवडत नव्हतं, तर चार आठळ्याच वाटून रस दाट केला. वर कोकम घातलं. बांगड्याला जे करतो ते सगळं केलं, बांगडा सोडून.

सासूबाईंनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. बोटं चाटली, हात धुतले आणि मग म्हणाल्या, "यात सुकट हाय."

"नाय आई, आठळ्या हायत."

"मला शिकवू नको गो. जन्म गेला माझा सुकट खाण्यात."

दुसऱ्या दिवशी मी शेतावर गेले तेवढ्यात त्यांनी घरातले सगळे डबे हुंगून काढले. काही सापडलं नाही, तर संशय उलट वाढला. "लपवलंन कुठंतरी," असं त्या शेजारणीला सांगत होत्या, मी पायरीवर असतानाच. संध्याकाळी पुन्हा दोन भाकऱ्या, आणि हात धुतल्यावर पुन्हा तेच.

आता मलाच त्यांचा संशय यायला लागला. सुकट होती तर पहिल्या घासाला कशी कळत नाही? कळते ती नेमकी ढेकर दिल्यावर. चव यांच्या जिभेवर आणि पाप माझ्या माथी. मी नाही त्यातली, कडी लाव आतली.

मग त्यांनी मुलाला फोन केला. "तुझी बायको मला श्रावणात बाटवते."

नवऱ्याने मला विचारलं, "खरंच टाकतेस काय?"

माझं डोकं फिरलं. परक्याने विचारलं असतं तर गिळलं असतं, पण यांनीही? "पैसे पाठवा, मग टाकते," म्हटलं आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी मी सासूबाईंना चुलीशेजारी पाटावर बसवलं. रिकामं टोप कलंडून दाखवलं. आठळ्या त्यांच्यासमोर सोलल्या, कोकमसुद्धा त्यांच्या हातावर ठेवून मग आत सोडलं. त्या डोळ्यांत तेल घालून बघत होत्या. कालवण तेच, मीठही तेवढंच. पहिला घास घेतला, दुसरा घेतला. अर्धी भाकरी उरली तेव्हा त्यांनी ताट सरकवलं.

"आता झाली ना खात्री?" मी विचारलं.

"झाली. आठळ्याच हायत गो नुसत्या."

त्यांचा चेहरा असा पडला होता की खरी ठरल्याचा आनंद मला घेता येईना. मी त्यांच्या ताटातली भाकरी उचलली आणि मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना ओटीवर बसवलं. "आत धूर फार हाय," म्हटलं आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. कालवण कालच्यासारखंच केलं, तसूभर बदल नाही. त्या जेवल्या. एक भाकरी, मग दुसरी, मग रसाची वाटी तोंडाला लावली. हात धुऊन पदराला पुसले आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"खरं सांग. आज टाकलंस ना?"

आत फोन वाजत होता. बहुतेक नवऱ्याचा असावा. मी उठले नाही.

"टाकली, आई. थोडीशीच."

"वाटलंच मला," त्या म्हणाल्या. "उद्या पन थोडीच टाक. श्रावण हाय."